लाल फिती आणि लाकडी हात

ऐन दिवाळीत, चकली-चिवड्याच्या बशीशेजारी, नरमांसाच्या मेजवानीची कथा काढणारा मास्तर वाचकांना अरसिकच वाटेल. पण कथा साक्षात शेक्सपिअरची आहे. ‘टायटस अँड्रॉनिकस’ हे त्याचे नाटक १५९४ साली छापले गेले.

रोमचा सेनापती टायटस गॉथ लोकांना जिंकून परततो आणि कैद केलेल्या टमोरा राणीच्या थोरल्या मुलाचा बळी देतो. ती माता परोपरीने विनवते. टायटस ऐकत नाही. पुढे तीच टमोरा रोमची सम्राज्ञी होते आणि सूडाचे चक्र फिरू लागते. तिचे मुलगे टायटसच्या मुलीवर, लॅव्हिनियावर, अत्याचार करतात; तिने बोलू नये म्हणून जीभ छाटतात, लिहू नये म्हणून हात तोडतात. अखेर टायटस त्या दोघांना मारून त्यांचे मांस त्यांच्याच आईला वाढतो.

हे दाखवावयाचे कसे? आमचे भरतमुनी या बाबतीत मोठे सावध. युद्ध आणि मरण अंकात प्रत्यक्ष दाखवू नये, असा त्यांचा दंडक. म्हणून ‘वेणीसंहारा’त दुःशासनाचा वध पडद्याआड होतो. पीटर ब्रूक यांनी १९५५ साली स्ट्रॅटफर्डला ‘टायटस’ बसविले, तेव्हा लॅव्हिनिया झालेल्या व्हिव्हियन ली यांच्या मुखातून आणि मनगटांतून रक्ताऐवजी लाल फिती लोंबत होत्या. रंगभूमीवर फीत म्हणजे रक्त, हे प्रेक्षक विनातक्रार कबूल करतो.

कॅमेऱ्याचे तसे नाही. तो जवळ जातो आणि फीत फीतच दिसते. बरे, हुबेहूब रक्त दाखवावे, तर निम्मे प्रेक्षक डोळे मिटतात आणि उरलेले मिटक्या मारतात!

जुली टेमोर यांनी १९९९ साली अँथनी हॉपकिन्स यांना घेऊन ‘टायटस’ चित्रपट केला, तेव्हा त्यांच्यापुढे हाच पेच होता. रक्त त्यांनी टाळले नाही. दलदलीत एका खोडावर लॅव्हिनिया उभी आहे. तोडलेल्या हातांच्या जागी काटक्या. बोलू जाते तर तोंडातून शब्दाऐवजी रक्त येते. पण टेमोरबाईंचे खरे धाडस दुसरीकडेच आहे. त्यांनी ही सारी कथा एका मुलाच्या डोळ्यांपुढे घडविली.

चित्रपट सुरू होतो तो आजच्या एका स्वयंपाकघरात. मुलगा टेबलावर खेळण्यातले शिपाई एकमेकांवर आदळतो आहे, त्यांच्यावर रक्तासारखा सॉस ओततो आहे. तिथून तो उचलला जातो तो थेट रोमच्या रिंगणात, आणि टायटसचा नातू होतो. नातू मूळ नाटकातही आहे, पण तिथे तो उशिरा येतो. इथे तो पहिल्यापासून पाहतो. पुढे हाच मुलगा मूर्ती कोरणाऱ्याच्या दुकानातून आपल्या आत्यासाठी लाकडी हात आणतो. आणि शेवटी टमोराचे तान्हे मूल, म्हणजे शत्रूचे मूल, कडेवर घेऊन उजाडत्या आकाशाकडे चालू लागतो. त्या तान्ह्याचे पुढे काय झाले, हे शेक्सपिअर सांगत नाही.

काही रसिकांना हा शेवट कडू औषधावर फासलेली साखर वाटतो. मला तसे वाटत नाही. या नाटकात प्रत्येकाची खतावणी बिनचूक आहे. टमोराचाही मुलगा आधी मारला गेला होता, हे विसरता येत नाही. हिशेब चुकता करू म्हणणाऱ्या थोरांपैकी कोणीही तो थांबवू शकत नाही; कारण थांबणे म्हणजे आपल्या मेलेल्या माणसांवर पाणी सोडणे. ज्याच्या नावावर अजून काही मांडलेले नाही, त्यालाच ते जमेल. मूळ संहितेत हा प्रश्न दडलेला होता; टेमोरबाईंनी तो पुढे आणला. रूपांतरकाराने मुळाशी इमान राखावे ते असे.

मुलगा मात्र फार सावकाश चालतो. इतके सारे पाहिलेल्या मुलाने शत्रूचे पोर उचलावे, याची खात्री कोणालाच देता येत नाही, आणि चित्रपटही ती देत नाही.