पन्नास प्रतींचे घुबड

कॅनडाच्या अगदी उत्तरेस, जेथे वर्षातील कितीतरी महिने समुद्रही गोठलेला असतो, तेथील इन्युइट लोक (पूर्वी त्यांस एस्किमो म्हणत) कागदावर चित्रे छापितात, व ती जमविण्याचा छंद दूरदूरच्या लोकांस जडला आहे. पांढरे अस्वल, सील, हंस, घुबड, आणि त्यांच्या जोडीला अर्धी स्त्री व अर्धा मासा अशी समुद्राची स्वामिनी, हे त्या चित्रांचे विषय. या छंदात केवळ कागद नव्हे, तर एका साऱ्या गावाचे पोट गुंतलेले आहे, म्हणून वाचकांपुढे तो मांडावा असे आम्हांस वाटले.

ते गाव किंगाइट. बाफिन बेटाजवळचे हे ठिकाण २०२० पर्यंत केप डोर्सेट या नावाने ओळखले जाई. १९५७ च्या हिवाळ्यात तेथील कोरीवकाम करणारे ओसुइटोक इपीली यांनी सिगारेटच्या पाकिटांवरील खलाशाचे हुबेहूब सारखे मुखडे पाहिले आणि दरवेळी तेच ते चित्र काढताना त्या माणसाला कंटाळा येत नसेल काय, अशी पृच्छा केली. कॅनेडियन चित्रकार जेम्स हूस्टन यांनी उत्तर शब्दांनी दिले नाही. ओसुइटोक यांनीच कोरलेल्या सुळ्यावर त्यांनी शाई फासली, वर पातळ कागद दाबला, आणि छाप उमटली! पुढे हूस्टन ही विद्या शिकण्यास जपानला जाऊन आले, आणि १९५९ मध्ये पहिला चित्रसंच बाहेर पडला. गावकऱ्यांची सहकारी संस्थाही त्याच वर्षीची.

एक बाई वा पुरुष कागदावर चित्र काढितो. दुसरा ते सपाट दगडावर उतरवून भोवतालचा दगड कोरून टाकितो. मग उंच राहिलेल्या भागास शाई लावून त्यावर जपानी कागद पसरावयाचा व हलक्या हाताने घासावयाचा. साधारणपणे अशा पन्नास प्रती निघाल्या की तो दगड निकामी करितात. इतक्या कष्टाने कोरलेला दगड नासून टाकावयाचा, हे ऐकून प्रथम जीव हळहळतो. पण एक्कावन्नावी प्रत कोणी चोरून काढू नये, याची हमी तीच.

केनोजुआक आशेवाक या बाईंनी क्षयापायी १९५२ ते १९५५ अशी वर्षे घरापासून दूर क्वेबेकच्या रुग्णालयात काढिली होती. १९६० मध्ये त्यांचे ‘मंतरलेले घुबड’ छापले गेले : पिसारा पसरलेले, टवकारून पाहणारे. पन्नास प्रतींपैकी अर्ध्या तांबड्या-काळ्या, अर्ध्या हिरव्या-काळ्या. त्यांतील एक प्रत २०१८ मध्ये टोरांटोच्या लिलावात २,१६,००० डॉलरांस गेली. बाई २०१३ मध्येच वारल्या होत्या. लिलावाचा पैसा विकणाऱ्याच्या खिशात जातो. ज्या गावात घुबड जन्मले तेथे पोचतो तो पहिल्या विक्रीचा. म्हणून जुन्या प्रतीमागे धावण्यापेक्षा जो संग्राहक संस्थेच्या दरवर्षीच्या नव्या संचातून एखाददुसरे चित्र घेतो, तो आम्हांस अधिक शहाणा वाटतो. त्याने चित्राखालची पेन्सिलीची ओळ नीट वाचावी : नाव, साल, आणि ‘१७/५०’ असा काही आकडा. किंगाइटच्या छापावर इग्लूच्या आकाराची छोटी तांबडी मुद्राही असते.

पिशाच्चे व मांत्रिक असलेली चित्रे ख्रिस्ती घरात टांगावी काय, अशी शंका काही वाचकांस येईल. उलुखाक्तोक येथे, ज्यास तेव्हा होल्मन म्हणत, १९६१ मध्ये सहकारी संस्था उभी करण्यास हातभार लाविला तो ओब्लेट संघाच्या फादर आंरी तार्दी यांनीच. वृद्ध हेलन काल्वाक यांस जुन्या कथा व मांत्रिकांचे विधी पाठ होते. ते कागदावर उतरविण्यास फादरांनी त्यांस उत्तेजन दिले, आणि बाईंच्या हातून शेकडो चित्रे झाली. ज्या गोष्टी म्हाताऱ्यांबरोबर मातीआड गेल्या असत्या, त्या अशा रीतीने वाचल्या. फादरांना यात धर्महानी दिसली नाही, आम्हांसही दिसत नाही.

आता इतका पैसा कोणाजवळ आहे, असे मुले विचारतील. त्यांनी पोस्टाच्या तिकिटांकडे वळावे. १९७० मध्ये कॅनडाच्या टपाल खात्याने ते तांबडे-काळे घुबड सहा सेंटांच्या तिकिटावर छापले, व त्याच्या प्रती पन्नासच काढिल्या नाहीत.