डबलच्या बदल्यात काय देणार?

चेन्नई सेंट्रलच्या लाल इमारतीला लागूनच उपनगरी गाड्यांचे वेगळे स्थानक आहे. गुम्मिडिपूंडीची लोकल इथून सुटते. कोरुक्कुपेट, एन्नोर, मिंजूर, पोन्नेरी करत ती आंध्रच्या सीमेलगतच्या त्या कारखान्यांच्या गावी पोहोचते. सिपकॉट औद्योगिक वसाहतीत पाळीला निघालेल्या गर्दीला फलकावरचे नाव वाचायला सवड नसते. ते नाव आहे मूर मार्केट कॉम्प्लेक्स.

१९०० साली उघडलेला मूर मार्केट म्हणजे मद्रासचा चोरबाजार, जुना बाजार आणि पुस्तकगल्ली, तिन्ही एकाच छपराखाली. वापरलेली पुस्तके, ग्रामोफोनच्या तबकड्या, नाणी, टपाल तिकिटे, पिंजऱ्यातले पक्षी, सगळे तिथे मिळे. ३० मे १९८५ रोजी तो आगीत गेला आणि त्या जागी रेल्वेची इमारत उभी राहिली. त्या बाजारात वस्तूवर किंमत चिकटवलेली नसे. विक्रेता आधी गिऱ्हाइकाचा चेहरा वाचे. तिकिटावर नजर खिळली, हात पाकिटाकडे गेला, की भाव चढला. पोन्नेरीहून फुटणाऱ्या रस्त्यावर पुलिकत आहे. तिथे डच कंपनीने नाणी पाडली. त्यातले एखादे तांब्याचे नाणे एकाला मोडीच्या भावाचे वाटे, तर दुसऱ्याच्या संग्रहातली शेवटची रिकामी खाच तेच भरून काढी.

नाणे तेच, गरज वेगळी. संग्राहकांच्या जगात याच एका मुद्द्यावर रोज भांडणे होतात, आणि हल्ली ती सर्वांत जोरात होतात कॅनडा-अमेरिकेत, आइस हॉकीच्या कार्डांवरून.

या कार्डांची गोष्ट वेन ग्रेट्स्कीपासून सांगायला हवी. १९७९-८० च्या हंगामात ओ-पी-ची या कॅनडातल्या कंपनीने ३९६ कार्डांचा संच काढला. त्यात १८ व्या क्रमांकावर एडमंटन ऑइलर्सचा हा कोवळा पोरगा होता. त्याचे ते पहिले कार्ड, संग्राहकांच्या भाषेत ‘रुकी’. २०२० च्या डिसेंबरात त्याची एक निर्दोष प्रत १२.९ लाख डॉलरला गेली. दहा लाखांचा टप्पा ओलांडणारे ते पहिले हॉकी कार्ड. पुढच्याच मे महिन्यात ते साडेसदतीस लाख डॉलरवर पोहोचले, तेव्हाच्या दराने सुमारे २७ कोटी रुपये. पीएसए या तपासणी कंपनीने दहापैकी दहा गुण दिलेल्या या कार्डाच्या प्रती जगात दोनच आहेत.

दोनच का, याचे उत्तर छापखान्यात आहे. ओ-पी-चीची कार्डे तारेने कापली जात. त्यामुळे कडा खडबडीत निघत, चित्र चौकटीत तिरके बसे, आणि कार्डाची निळी किनार जराही घासली तरी खालचा पांढरा कागद डोकावे. त्याच वर्षी अमेरिकेत टॉप्स कंपनीने ग्रेट्स्कीचे जवळजवळ तेच कार्ड अधिक सफाईने कापून विकले. भाव मात्र कॅनडाच्या ओबडधोबड भावंडाला जास्त. खेळ कॅनडाचा, खेळाडू कॅनडाचा, कार्डाच्या पाठीवरचा मजकूरही इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन भाषांत. जाणकार माणूस तर कड फार गुळगुळीत दिसली की उलट संशय घेतो. खडबडीत कड हा तिथे दागिना ठरतो.

नाण्यांच्या प्रदर्शनात शिवराई हाती घेणारा मराठी माणूस हे लगेच ओळखेल. शिवराई तांब्याची आणि मुबलक. शिवरायांच्या नंतरही ती दीर्घकाळ पाडली जात राहिली. त्यामुळे साधी शिवराई आजही सामान्य माणसाला परवडते. पण अक्षरांचे वळण वेगळे निघाले, किंवा दोन आडव्या रेघांची ‘दुदांडी’ हवी असणारा भेटला, की बोलणे बदलते. सोन्याचा होन मात्र इतका दुर्मीळ की बाजारात बनावट होनच जास्त फिरतात. प्रत किती, अवस्था कशी, नाव कुणाचे, खरे की खोटे, हे प्रश्न रायगडाच्या नाण्याला लागू आहेत तसेच एडमंटनच्या कार्डालाही.

पण हे विकण्याचे झाले. अदलाबदलीचे गणित वेगळे, आणि खरी गंमत तिथेच आहे.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत वाढलेल्यांना बिग फन बबलगम आठवत असेल. आत क्रिकेटपटूचे कार्ड निघे, मागे धावा किंवा बळी. त्या जमवल्या की चित्रांची पुस्तिका मिळे. पुस्तिकेच्या मागे लागलेला मुलगा कार्ड उलटे करून आकडा बघे. लाडक्या खेळाडूसाठी झुरणारा मुलगा पुढचा फोटो बघे. दोघे समोरासमोर बसले की सौदा चटकन जमे, कारण एकाला हवे ते दुसऱ्याला नको असे. ‘हे माझ्याकडे डबल आहे’ या वाक्यात अख्खे अर्थशास्त्र होते. ज्याच्याकडे डबल, त्याच्या लेखी त्या कार्डाची किंमत जवळपास शून्य. समोरच्याला ते कळू न देणे हेच कौशल्य. पुढे कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डे आली. त्यांत वजन, उंची, रँक असे आकडे होते, पण ज्याच्या संचातला एक पैलवान हरवलेला असे, तो रँक न बघताच तीन कार्डे मोजून द्यायला तयार होई.

कॅनडातले मोठे लोकही नेमके हेच करतात, फक्त हातात पुस्तक असते. जेम्स बेकेट या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाने अमेरिकेत कार्डांच्या किमतींची यादी छापायला सुरुवात केली. १९९० पासून हॉकीसाठी त्याचे वेगळे मासिक निघू लागले. प्रत्येक कार्डापुढे दोन आकडे, एक चढा, एक उतरता. त्या आकड्यांवर हजारो सौदे झाले. हिशेब सोपा दिसतो. तुझे कार्ड शंभराचे, माझी पन्नासाची दोन, झाली बरोबरी.

तशी बरोबरी होत नाही. शंभराची नोट देऊन कुणी चिल्लर घेत नसतो, आणि घ्यायची वेळ आली तर दोन-पाच रुपये वर मागतो. मोठे एक कार्ड सोडून लहान दहा घेणारा संग्राहक म्हणूनच वरचढ हिस्सा मागतो. ती दहा पुन्हा खपवायची यातायात त्याच्या गळ्यात पडणार असते. गावही मोजावे लागते. टोरंटोचा साधा खेळाडू टोरंटोत जेवढा चालतो तेवढा इतरत्र नाही. खेळाडूची जागाही बघतात. गोल करणाऱ्याला मागणी जास्त, अडवणाऱ्याला कमी. पॅट्रिक रॉयसारखा गोलरक्षक हा अपवाद. टोकियो आणि पॅरिस, दोन ऑलिंपिक कांस्यपदकांत भिंतीसारखा उभा राहिलेला श्रीजेश या बाजारात असता तर त्यालाही हा अन्याय सोसावा लागला असता.

भविष्याचा जुगार हा याच खेळाचा दुसरा भाग. अप्पर डेक कंपनीच्या पाकिटांत ‘यंग गन्स’ नावाची नवख्यांची कार्डे येतात, साधारण चार पाकिटांमागे एक. त्या एका कार्डासाठी उरलेली पाकिटे फोडली जातात. २००५ चा सिडनी क्रॉसबी, २०१५ चा कॉनर मॅकडेव्हिड ज्यांना निघाला ते खूश. अलेक्झांड्र डेगल मात्र १९९३ मध्ये संघांनी केलेल्या नवख्यांच्या निवडीत पहिला आला, सगळ्यांनी त्याची कार्डे साठवली आणि तो कधी फुललाच नाही. एरिक लिंड्रॉसची कथा याहून बोलकी. त्याला २०१६ मध्ये हॉकीच्या सन्मानदालनात जागा मिळाली, तरी १९९०-९१ ची त्याची कार्डे स्वस्तच राहिली. त्या हंगामात कंपन्यांनी कार्डे पोत्यांनी छापली होती आणि लोकांनी ती जपूनही ठेवली. जुनी कार्डे दुर्मीळ झाली ती मुलांनी सायकलच्या आऱ्यांत खोचून फाडली आणि आयांनी फेकून दिली म्हणून. सगळ्यांनीच जपलेली वस्तू दुर्मीळ कुठून होणार? दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे गेलेल्या कॉमिक्सची आठवण काढून हळहळणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. ती गेली म्हणूनच उरलेल्यांना भाव आहे.

आता भरवशाचे बघू. १९९१ मध्ये स्थापन झालेली पीएसए कार्ड तपासते, एक ते दहा गुण देते आणि पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करते. कोपरे, कडा, पृष्ठभाग, चित्र मध्यभागी आहे का, एवढे बघायचे. नऊ आणि दहा यांतला फरक नुसत्या डोळ्यांना दिसेलच असे नाही, किमतीत तो कित्येक पटींचा असतो. अदलाबदल करणारे हल्ली कार्ड बघायच्या आधी डबीवरचा आकडा वाचतात.

या कंपनीने गुण दिलेले पहिलेच कार्ड हॉकीचे नव्हते, पण हॉकीच्या राजाचे होते. बेसबॉलपटू होनस वॅगनरचे विसाव्या शतकाच्या आरंभीचे सिगारेटच्या पाकिटातले कार्ड ग्रेट्स्कीने लॉस एंजेलिस किंग्जच्या मालकाबरोबर १९९१ मध्ये ४ लाख ५१ हजार डॉलरला विकत घेतले. पीएसएने त्याला आठ गुण दिले. २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरला गेले. आणि २०१३ मध्ये बिल मॅस्ट्रो या बड्या लिलावदाराने न्यायालयात कबूल केले की त्याने ते कार्ड कडेने छाटले होते. छाटलेल्या कार्डाला अंकी गुण द्यायचे नाहीत हा या धंद्याचा मूलभूत नियम. म्हणजे ज्या पद्धतीवर आज कोट्यवधींचे व्यवहार चालतात, तिचा पहिलाच दाखला चुकीचा निघाला. मूर मार्केटचा तिकीटवाला भिंगाखाली कड बघून जे सांगायचा त्याला कुणी प्रमाणपत्र म्हणत नसे, पण तो बघायचा तरी वस्तूकडे, डबीकडे नव्हे.

याहून अजब प्रकार २०२४ च्या फेब्रुवारीत झाला. कॅनडातल्या रेजायना शहरात एका घरात सापडलेले १९७९-८० च्या ओ-पी-ची कार्डांचे न फोडलेले खोके लिलावात आले. १६ पेट्या, प्रत्येकीत ४८ पाकिटे, प्रत्येक पाकिटात १४ कार्डे. एकूण १०,७५२. संच ३९६ कार्डांचा धरला तर सरासरीने २७ ग्रेट्स्की आत असावेत. आत नेमके काय आहे आणि ते कसे कापले गेले आहे, हे कुणीच पाहिलेले नव्हते. तरी खोक्याला ३७ लाख २० हजार डॉलरची बोली लागली. उघडले असते तर किंमत बहुधा उतरली असती. पाहिलेल्या कार्डापेक्षा न पाहिलेल्याला जास्त मोल आले, तेव्हा हा संग्रह उरत नाही, लॉटरीचे तिकीट होते.

भारतीय संग्राहकाला ही नजर नवीन नाही. १९४८ च्या स्वातंत्र्यदिनी निघालेल्या गांधीजींच्या दहा रुपयांच्या तिकिटावर ‘सर्व्हिस’ अशी मोहोर उठवलेल्या शंभर प्रती गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी होत्या. त्या पदावर तेव्हा मद्रासचे राजाजी होते. तसल्या चार तिकिटांची सलग पट्टी एप्रिल २०१७ मध्ये ५ लाख पौंडांना विकली गेली. किती छापली, कुणासाठी, हे नोंदलेले होते म्हणून त्या आकड्यावर दोन्ही बाजूंचा विश्वास बसला.

आपल्या हॉकीकडे नेमकी हीच नोंद नाही. टपाल खात्याने १९६६ च्या आशियाई सुवर्णपदकासाठी तिकीट काढले, १९८० मध्ये ध्यानचंद यांच्यावर काढले. खेळाडूंच्या कार्डांची सवय मात्र इथे कधी रुजली नाही. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, तमिळ घरात, मोडक्या काठ्या दोरीने बांधून खेळत मोठा झालेला धनराज पिल्ले चार ऑलिंपिक खेळला, १९९८ च्या आशियाई सुवर्णविजेत्या संघाचा कर्णधार झाला, मराठा वॉरियर्सच्या जर्सीत तेव्हाच्या हॉकी लीगमध्ये उतरला. पुणे आणि चेन्नई, दोन्ही शहरांनी हक्क सांगावा असा हा खेळाडू. त्याच्या ‘रुकी’ कार्डासाठी खडकीच्या पोराने गुम्मिडिपूंडीच्या पोराला काय दिले असते, हा प्रश्नच उद्भवला नाही.

हॉकी इंडिया लीग डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. पुरुषांच्या आठ संघांत तमिळनाडू ड्रॅगन्स होता, महाराष्ट्राचा एकही नव्हता. या संघांनी कार्डे छापायला हवीत. सोनेरी कागद, स्वाक्षऱ्या, एकुलती एक प्रत असल्या चमचमाटाची गरज नाही. दहा रुपयांचे पाकीट, साधा जाड कागद, पाठीवर दोन भाषा, आणि पाकिटावर ठळक अक्षरांत तो संच किती छापला याचा खरा आकडा. पुढचा भाव मुले मधल्या सुट्टीत ठरवतील.