मॉर्फिनला कुलूप, ट्रॅमाडॉलला मोकळं रान

लखनौहून सीतापूर रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर बख्शी का तालाब येतं. तहसिलीचं गाव, हवाई दलाचा तळ आणि ट्रकांनी भरलेला हमरस्ता. अपघातात मांडीचं हाड मोडलेला माणूस इथून शहरातल्या ट्रॉमा सेंटरला पाठवायचा, तर दर खड्ड्याला तो किंचाळणार. शेजारच्या बाराबंकीत सरकारी परवान्याने अफू पिकते. तरी तिचं मॉर्फिन म्हटलं की आपल्याकडचे बरेच डॉक्टर हात आखडता घेतात. का, तर म्हणे रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी!

पोटदुखीत वेदना मारली तर निदान चुकतं, हा पहिला आक्षेप. झॅकरी कोप यांच्या 1921 च्या पुस्तकाने तो पिढ्यान्‌पिढ्या पढवला. पुढे चाचण्यांचा कॉक्रेन आढावा झाला, त्यात निदानातल्या चुका वाढल्याचं दिसलं नाही. कोपच्या पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्त्यांनीही तो हट्ट सोडला, आपण मात्र धरून बसलोय.

कायद्याची सबबही आता जुनी झाली. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानंतर देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर 716 किलोंवरून 1997 मध्ये 18 किलोंवर आला, हे खरं. पण 2014 च्या दुरुस्तीने परवान्यांचं जंजाळ बरंच सोडवलं. मान्यता घ्यायची आणि नोंदवही चोख ठेवायची, एवढा त्रास रुग्णालयाने सोसायलाच हवा.

व्यसनाचा आक्षेप मात्र झटकून टाकता येत नाही. एम्सच्या 2019 च्या अहवालानुसार देशात सुमारे 2.1 टक्के लोक अफूवर्गीय पदार्थ घेतात. अमेरिकेत 2017 साली वृद्ध रुग्णांवरचा एक अभ्यास आला. कॅज्युअल्टीत सढळ हाताने ही औषधं लिहिणाऱ्या डॉक्टरांकडे ज्यांची पाळी आली, त्यांच्यात दीर्घकाळ औषध घेणारे 1.51 टक्के निघाले. हात राखून लिहिणाऱ्यांकडे 1.16. फरक लहान, पण आहे. तेव्हा जपायचं ते घरी जाणाऱ्या चिठ्ठीत. खाटेवर तळमळणाऱ्याला उपाशी ठेवून ती चिठ्ठी सुधारत नाही.

आणि या सोवळ्याआड चालतं काय? ट्रॅमाडॉल! 2018 पासून तेही याच कायद्याखाली आहे, पण ‘सौम्य’ म्हणून बिनधास्त टोचलं जातं. डोक्याला मार असलेल्याला त्याने झटका येऊ शकतो. शिवाय ते यकृतात बदलल्यावरच नीट काम करतं, आणि हा बदल माणसागणिक कमीजास्त. एकाला काहीच वाटत नाही, दुसरा गुंगतो.

मॉर्फिनचं तसं नाही. दहा मिलिग्रॅम सलाइनमध्ये मिसळून दहा मिलिलिटर करायचं, शिरेतून दोन मिलिलिटर द्यायचं, पाच मिनिटं थांबायचं. वेदना किती उरली विचारायचं, छातीचं वरखाली मोजायचं, मग पुढचा डोस. म्हाताऱ्यांना याहून कमी. मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर फेंटॅनिल बरं. श्वास मंदावण्याआधी बहुधा गुंगी दिसते. हाकेला ओ येईना की हात थांबवायचा. ऑक्सिजन आणि नॅलोक्सोन खाटेशी हवंच, सोबत लक्ष ठेवणारी नर्सही. ती नसेल तर सुई उचलूच नये.

घरी सोडताना आधी पॅरासिटामॉल. अगदीच लागलं तर अफूवर्गीय औषधाच्या तीन दिवसांच्या गोळ्या, त्याही दारू आणि झोपेची गोळी चालते का हे विचारूनच. चौथ्या दिवशी दुखत असेल तर पुन्हा तपासायला बोलवायचं. तीच चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून नवी पाकिटं मिळता कामा नयेत.