सुई, पोट आणि पंचेचाळीस मिनिटे

घरातून निघण्याआधी तीनदा शौचालयात जाणारा, लोकलमध्ये चढताना पुढच्या कोणत्या स्थानकावर बरे स्वच्छतागृह आहे याचा हिशेब मांडणारा, लग्नाच्या पंगतीत ‘आज उपास आहे’ म्हणून सुटका करून घेणारा माणूस प्रत्येकाच्या ओळखीत एखादा तरी असतो. त्याची सोनोग्राफी नॉर्मल असते, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल असतात, दुर्बीण घालून पाहिले तरी आतडे ठाकठीक दिसते. ‘तुम्हाला काहीही झालेले नाही’ हे त्याने इतक्यांदा ऐकलेले असते की त्याला ते शिवीसारखे लागते. या दुखण्याचे नाव आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. पोटात पुन्हा पुन्हा कळ येते आणि त्या कळीचे शौचाशी नाते असते. कोणाला जुलाब, कोणाला मलावरोध, कोणाला दोन्ही आळीपाळीने. आतड्याच्या रचनेत दोष सापडत नाही. मेंदू आणि आतडे यांच्यातली देवघेव मात्र बिनसलेली असते, म्हणून एरवी जाणवूही नये असा वायू किंवा परीक्षेचा ताण इथे कळ होऊन उमटतो. चूर्ण, काढे, प्रोबायोटिक्स सगळे करून दमलेला हा माणूस ॲक्युपंक्चरच्या दारात पोहोचतो, तेव्हा डॉक्टर हसतात आणि घरचे म्हणतात, ‘करून बघायला काय हरकत आहे?’ डॉक्टरांचे हसणे चुकीचे आहे, आणि घरच्यांचा प्रश्न अर्धवट. हरकत नाही, पण अटी आहेत. आणि बरे वाटलेच तर त्याचे श्रेय कोणाला द्यायचे हे आधीच ठरवून ठेवलेले बरे.

ते श्रेय ठरवायला अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये झालेल्या एका प्रयोगाइतके उपयोगी दुसरे काही मला दिसत नाही. संशोधक टेड कॅपचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएसच्या 262 रुग्णांचे तीन गट केले. निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या गटाला नुसते प्रतीक्षा यादीत ठेवले. उरलेल्या दोघांना तीन आठवडे, आठवड्यातून दोनदा ‘ॲक्युपंक्चर’ दिले, पण ती सुई बनावट होती. तिचे टोक बोथट, आणि दाबली की ती स्वतःच्याच मुठीत सरकते, नाटकातल्या खंजिरासारखी. रुग्णाला टोचल्यासारखे वाटते, सुई गेलेलीही दिसते, कातडीत मात्र काहीच शिरत नाही. या दोन गटांत फरक होता तो वागणुकीचा. एका गटात उपचार करणारा पाच मिनिटांत मोजके बोलून कामाला लागे. दुसऱ्या गटात पहिल्या भेटीत पंचेचाळीस मिनिटे बोलणे होई: त्रास कधी होतो, त्याने कामावर आणि घरात काय बिघडते, तुम्हाला स्वतःला त्याचे कारण काय वाटते. मध्ये थांबून विचार करणे, हात हातात घेणे, ‘तुमचे दुखणे किती अवघड आहे हे मला कळते’ असे म्हणणे, हे सारे त्यात ठरवून आणलेले होते. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम मिळाल्याचे सांगणारे निघाले यादीतले 28 टक्के, बनावट सुई आणि तुटक वागणूक मिळालेले 44 टक्के, आणि बनावट सुई व आपुलकी दोन्ही मिळालेले 62 टक्के. खरी सुई यातल्या कोणालाच लागलेली नव्हती.

मग खरी सुई लावली तर? याच प्रयोगाच्या पुढच्या टप्प्यात तेही पाहिले गेले. खऱ्या सुईने सुधारलेले 41 टक्के, बनावट सुईने 32 टक्के. हा फरक योगायोगानेही पडू शकेल एवढाच होता. दोन्ही गट प्रतीक्षा यादीपेक्षा मात्र स्पष्टपणे पुढे राहिले. 2012 मध्ये वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 17 चाचण्या आणि 1,806 रुग्णांची माहिती एकत्र तपासली, तेव्हाही हेच दिसले: बनावट सुईशी तुलना केली की खऱ्या सुईचा वरचढपणा उरत नाही. यावर ॲक्युपंक्चरच्या बाजूने एक विचार करण्याजोगा आक्षेप घेतला जातो. बोथट सुईनेही कातडीवर दाब पडतो, मज्जातंतू चाळवतात, म्हणजे तीही थोडाफार उपचारच झाली. तिला ‘खोटी’ म्हणून तुलनेला उभी करणे अन्यायाचे आहे. मानू या. पण मग गुडघ्याखाली चार बोटांवरचा तो पचनाचा प्रसिद्ध बिंदू, किती खोल टोचायचे याचे शास्त्र, देहभर वाहणाऱ्या ‘ची’ नावाच्या प्राणशक्तीचे मार्ग, या सगळ्याची गरज काय राहिली? बोथट टोकाने काम भागत असेल तर ज्या विद्येसाठी वर्षे घालवली ती निदान आयबीएसपुरती तरी फाजील ठरते. आक्षेप घेणाऱ्यांना बहुधा हे नको असते.

दुसरा युक्तिवाद औषधांशी तुलनेचा. चीनमधल्या कित्येक चाचण्यांत ॲक्युपंक्चरने पोटातले पेटके थांबवणाऱ्या गोळ्यांवर मात केलेली आहे, आणि कॉक्रेनच्या त्याच आढाव्यात हे नमूद आहे. पण त्या चाचण्यांत आपल्याला सुई मिळते आहे की गोळी हे रुग्णाला उघड दिसत होते. आराम किती पडला हे जिथे रुग्णालाच विचारून ठरवायचे, तिथे ही गोष्ट किरकोळ नाही. एकाला गोळीची पट्टी देऊन घरी पाठवले, दुसऱ्याला आठवडाभरात तीनदा झोपवून कोणी अर्धा तास त्याच्याकडे पाहिले, तर ती तुलना सुई आणि गोळीची राहिलीच कुठे? त्यापेक्षा ब्रिटनमधली 2012 ची चाचणी मला प्रामाणिक वाटते, कारण तिने दावाच मर्यादित ठेवला. 233 रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत आठवड्याला एक अशी दहा सत्रे देऊ केली, बाकीच्यांचे नेहमीचेच चालू ठेवले. तीन महिन्यांनी ठळक सुधारणा 49 टक्क्यांत आणि 31 टक्क्यांत. बनावट सुईचा गट नव्हता, त्यामुळे सुईचे श्रेय यातून कळत नाही. पण दारात उभ्या माणसाचा प्रश्न ‘ची खरी की खोटी’ हा नसतोच. ‘मी गेलो तर मला बरे वाटेल का’ एवढे त्याला हवे असते, आणि त्याचे उत्तर ‘काहींना वाटते’ असे आहे.

इथे विज्ञाननिष्ठ मंडळी म्हणतील, ही तर फसवणुकीची भलामण झाली. प्लासिबो, म्हणजे औषध नसलेला नुसता दिखाऊ उपचार, द्यायचा म्हणजे रुग्णाशी खोटे बोलायचे. कॅपचुक यांच्याच गटाने 2010 मध्ये याची परीक्षा घेतली. आयबीएसच्या 80 रुग्णांपैकी एका गटाला ‘यात औषध नाही’ असे तोंडावर सांगून गोळ्या दिल्या, दुसऱ्याला गोळ्या न देता तेवढाच वेळ दिला. तीन आठवड्यांनी आराम मिळाल्याचे सांगणारे अनुक्रमे 59 टक्के आणि 35 टक्के. चाचणी छोटी, मुदत थोडी, त्यामुळे तिच्यावर इमारत बांधायला नको. तरी खोटे बोलल्याशिवाय हे घडतच नाही, असे म्हणायला आता जागा नाही. आणखी एक सावधगिरी हवी. आयबीएस हा भरती-ओहोटीचा आजार. माणूस सर्वात हैराण असतो तेव्हाच नवा उपचार शोधतो, आणि त्यानंतर ओहोटी तशीही येणारच असते. प्रतीक्षा यादीतल्या 28 टक्क्यांना आठवा. तेव्हा ‘मला गुण आला’ हे शेजाऱ्याचे सांगणे खरे असते, पण पुरावा नसते.

आपल्याकडे ॲक्युपंक्चरला एक वेगळे वलय आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातलेच डॉ. बिजॉय बसू पुढे ही विद्या तिकडे शिकले आणि त्यांनी ती भारतात आणली. महाराष्ट्राने तर या पद्धतीसाठी वेगळा कायदा करून नोंदणीची परिषदही नेमली. नोंदणीचा उपयोग आहे, निदान सुई कोणाच्या हातात आहे ते कळते. पण भिंतीवरचे प्रमाणपत्र म्हणजे आयबीएसवरचा पुरावा नव्हे.

आता अटी. पहिली आणि सर्वात मोठी अट निदानाची. शौचातून रक्त, कारण नसताना घटलेले वजन, ताप, रक्तक्षय, झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यातले काहीही असेल तर सुईच्या आधी पोटविकारतज्ज्ञ. आपल्या देशात आतड्याचा क्षय अजून भरपूर आहे, आणि तो महिनोन्‌महिने ‘पोटाची तक्रार’ म्हणून अंगावर काढला जातो. ॲक्युपंक्चरचा खरा धोका सुईत फारसा नाही. निर्जंतुक, एकदाच वापरायची सुई आणि प्रशिक्षित हात असला तर गंभीर इजा विरळाच. धोका आहे तो या हुकलेल्या महिन्यांत. दुसरी अट, जे सिद्ध आहे ते आधी करून पाहणे. इसबगोल हे आजीच्या बटव्यातले नाव पाश्चात्त्य मार्गदर्शिकांतही आहे. पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल आहेत. अगदी कमी मात्रेतले अमिट्रिप्टिलिन हे मुळात नैराश्यावरचे औषध इंग्लंडमधल्या 2023 च्या मोठ्या चाचणीत प्लासिबोपेक्षा सरस ठरले. आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली काही आठवडे कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले बाजूला ठेवून मग एकेक परत आणण्याची पद्धतही अनेकांना लागू पडते. मराठी स्वयंपाकघरात फोडणीतून लसूण काढायचा म्हणजे घरात वाद होणार, हे धरूनच चालावे. तिसरी अट हिशेबाची. सत्रे किती हे आधी ठरवा, कळ आणि शौचाची रोजची नोंद वहीत ठेवा, चालू औषधे परस्पर बंद करू नका, आणि सहा-आठ आठवड्यांत वहीत फरक दिसला नाही तर थांबा. ‘अजून दहा सत्रे लागतील’ हे वाक्य ऐकू आले की वही उघडा.

एक हिशेब मात्र रुग्णाने मांडायचा नाही. 2017 च्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यात प्राथमिक उपचारांच्या भेटीची सरासरी वेळ स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे होती, भारतात जेमतेम दोन. दोन मिनिटांत तापाला गोळी देता येते. पोट बिघडल्यामुळे नोकरी बदलणाऱ्याचे ऐकून घेता येत नाही. ॲक्युपंक्चरवाला सत्राचे पैसे घेतो आणि त्या पैशात वेळ देतो. ओपीडीतल्या डॉक्टरने आयबीएसच्या रुग्णाला पहिल्या भेटीत पंचेचाळीस मिनिटे दिली तर त्याचे बिल कोणत्या रकान्यात लिहायचे, हे ना सरकारी योजनेत आहे ना विम्याच्या पॉलिसीत. दुर्बिणीच्या तपासणीला रकाना आहे, आणि ती नॉर्मल येते.