फुकटची शाळा

‘फुकटच्याच शाळेत घालायचं होतं, तर इतक्या लांब गेलात कशाला?’ भाचीच्या सासूबाईंचं हे वाक्य मंगळवारपासून माझ्या डोक्यात घोळतंय. बाई बँकेतून निवृत्त झालेल्या, स्वभावानं प्रेमळ. नातीच्या काळजीपोटीच बोलल्या. पण शाळेच्या बाबतीत असलं काही कानावर आलं की माझा सगळा आठवडा त्यातच जातो, हे या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे.

जावई नोकरीनिमित्त ॲमस्टरडॅमला रुजू झाला. भाची आणि चार वर्षांची होऊ घातलेली तिची लेक पुढच्या महिन्यात निघतील. नेदरलँड्समध्ये मूल चौथ्या वाढदिवसापासून प्राथमिक शाळेत जाऊ शकतं, पाच पूर्ण झाल्यावर जावंच लागतं. तिथं १९१७ साली राज्यघटना बदलून सरकारी शाळा आणि खासगी संस्थांच्या शाळा यांना अनुदानाच्या बाबतीत एका पंगतीत बसवलं. म्हणून कॅथलिक, प्रोटेस्टंट, मॉन्टेसरी अशा नाना तऱ्हांच्या शाळा तिथं सरकारी खर्चानं चालतात. सहली-समारंभांसाठी पालकांकडून वर्गणी मागतात, पण ती ऐच्छिक. दिली नाही म्हणून मुलाला सहलीतून वगळता येत नाही, असा कायदाच २०२१ पासून लागू आहे. शाळा सुटल्यावरच्या पाळणाघराचे पैसे मात्र मोजावे लागतात. ॲमस्टरडॅममध्ये पसंतीक्रम लिहून अर्ज द्यायचा आणि घराजवळच्या शाळांत अग्रक्रम मिळतो. त्यामुळे आधी घर, मग शाळा.

भाचीनं घराजवळची मॉन्टेसरी शाळा पहिल्या क्रमांकावर लिहायचं ठरवलं आणि घरात गहजब झाला. काका, मामा, आतेभाऊ, सगळ्यांचं मत एकच: इंटरनॅशनल स्कूल बघा. तिथल्या खासगी इंटरनॅशनल शाळांची फी वर्षाला वीस हजार युरोंच्या पुढे जाते. आकडा ऐकून कुणी दचकलं नाही, उलट भरवसा वाढला. एवढे पैसे घेतात म्हणजे काहीतरी देतच असतील! आणि जिथं काहीच घेत नाहीत तिथं शिक्षक कसले, मुलं कुठल्या घरची, बाकं तरी धड असतील का, या शंका मागोमाग आल्याच.

मला याचा मनापासून राग येतो. माझी स्वतःची प्राथमिक शाळा नगरपालिकेची. माझ्या पिढीतल्या अनेकांची जिल्हा परिषदेची. ज्या शाळांनी आम्हाला लिहायला-वाचायला शिकवलं त्या आम्हीच ओस पाडल्या. आधी आपली मुलं काढून घेतली, मग लक्ष काढून घेतलं, आणि आता त्या ओस पडल्या हाच त्या वाईट असल्याचा पुरावा म्हणून पुढे करतो. हीच नजर घेऊन आपण युरोपात उतरतो. तिथं डॉक्टरचं मूल आणि ट्रामचालकाचं मूल एका वर्गात बसू शकतं, कारण सरकारनं त्या वर्गासाठी कर लावून पैसा उभा केलेला असतो. आपला जावईही पहिल्या पगारापासून तो कर भरणार. मग ती शाळा फुकटची कशी?

दुसरी शंका भाषेची. ‘डच शिकून पोरीला काय करायचंय?’ असं एका नातलगानं विचारलं. खेळायचंय, भांडायचंय, मैत्रीण करायचीय! सहाच्या आतली मुलं तिथं बहुधा थेट नेहमीच्या वर्गातच जातात. त्याहून मोठ्या, डच न येणाऱ्या मुलांना आधी नवागतांच्या वर्गात भाषा शिकवतात. चार वर्षांच्या मुलीला अंगणात मिळणारी भाषा चाळिशीतल्या बापाला शिकवणी लावूनही तशी मिळत नाही. मराठी घरात बोला, रोज बोला, आजीशी फोनवर बोलू द्या. ते काम घराचं आहे, तिथली कुठलीही शाळा ते करून देणार नाही. जर्मनीतल्या फ्रँकफर्टहून आलेली एक चिमुरडी १९३४ साली ॲमस्टरडॅममधल्या अशाच एका मॉन्टेसरी शाळेच्या बालवर्गात दाखल झाली होती. पुढे तिनं आपली जगप्रसिद्ध रोजनिशी लिहिली ती डच भाषेत. ॲन फ्रँक तिचं नाव. ती शाळा आजही आहे, आणि तिच्याच नावानं आहे.

आता मॉन्टेसरीबद्दल. आपल्याकडे या नावाची पाटी कुणीही लावू शकतो आणि लावतोही. भिंतीवर मिकी माऊस, गळ्यात टाय, तीन वर्षांच्या मुलाला गृहपाठ, आणि प्रवेशासाठी लाखाच्या घरात देणगी. मारिया मॉन्टेसरीबाईंनी पहिलं बालगृह काढलं ते ६ जानेवारी १९०७ रोजी, रोममधल्या सॅन लोरेन्झो या गरीब कामकऱ्यांच्या वस्तीत. आईबाप दिवसभर कामावर आणि पोरं जिन्यात भिंती खराब करत हिंडायची, म्हणून इमारतीच्या मालकांना ती कुणीतरी सांभाळायला हवी होती. त्या मुलांसाठी ही पद्धत जन्मली. श्रीमंतांच्या दारात ती नंतर गेली.

आणि ती गरिबाच्या दारात परत नेणारी बाई आपल्या महाराष्ट्रातली होती. ताराबाई मोडक राजकोटच्या स्त्रियांच्या अध्यापक महाविद्यालयातलं प्राचार्यपद सोडून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. दोघांनी मिळून मॉन्टेसरीचं शिक्षण भारतीय मुलांच्या हाताला झेपेल असं केलं आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभारला. ताराबाईंना एक गोष्ट खुपत होती. युरोपातून येणारी मॉन्टेसरीची साधनं इतकी महाग होती की ती शहरातल्या खात्यापित्या घरांच्या बालमंदिरांनाच परवडत. १९४५ मध्ये त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर. मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर या दोघींनी बालवाडीच पाड्यावर नेली. कुणाच्या तरी अंगणात बसायचं, मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, मोजणी. मण्यांऐवजी चिंचोके, शिंपले, खडे. रंग ओळखायला पानंफुलं. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र चालवणारी विकासवाडी तिथं उभी राहिली. जी वारली मुलं दिवसा गुरं राखायची त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली: गुरं चरतात तिथंच फळा न्यायचा. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाड्या देशभर पसरल्या, त्याच्या कितीतरी आधी या दोघी अंगणात बसून शिकवत होत्या.

हे मी भाचीला फोनवर सांगत होते तेव्हा ती म्हणाली, ‘मावशी, हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही गं.’ बीएड झालेल्या मुलींनाही ताराबाईंचं नाव परीक्षेपुरतंच माहीत असतं. अनुताईंचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ घरात असावं असं पुस्तक आहे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं. खडे-शिंपल्यांनी आकडे शिकवणाऱ्या त्या बायकांनी फी घेतली नाही, आणि त्यांच्या कामाला कुणी हलकं म्हणण्याची हिंमत करू नये.

ॲमस्टरडॅमची शाळा कशी पारखायची, हे भाचीनं विचारलं होतं ते राहूनच गेलं. इमारत बघू नकोस, पाटी बघू नकोस. तीन वयांची मुलं एका वर्गात आहेत का, ते बघ. मोठं मूल लहानाला काही दाखवताना दिसलं तर शाळा जिवंत आहे. सकाळी दोन-तीन तास सलग, घंटा न होता काम करू देतात का, ते विचार. साधनं मुलांच्या हाताला येतील अशा उघड्या फडताळांवर आहेत की कुलपात, आणि वापरून झाल्यावर मूल ती आपणहून जागेवर ठेवतं का, हे अर्ध्या तासात कळतं. बाईंचा आवाज किती वेळ ऐकू येतो तेही मोज. चांगल्या मॉन्टेसरी वर्गात तो फार ऐकू येत नाही. शाळा-तपासणीचे अहवाल तिथं सगळ्यांसाठी खुले असतात, तेही वाचून घे. पण अहवालापेक्षा त्या अर्ध्या तासावर विश्वास ठेव.

विहीणबाईंना मी स्वतः फोन करून हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पटलं का, ते म्हणाल्या नाहीत. त्यांना आणि नातवंडं परदेशी निघालेल्या सगळ्याच आजी-आजोबांना माझी कळकळीची विनंती आहे: फी किती, हे विचारून मुलांचा निश्चय मोडू नका. वर्गात बसून बघू देतात का, एवढं विचारा. बघू देत असतील तर आईबापांना तिथंच अर्ज करू द्या.