स्मृतिभ्रंश : निधी कोणासाठी?

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासानुसार भारतातील साठ वर्षांवरील ७.४ टक्के व्यक्ती, म्हणजे सुमारे ८८ लाख ज्येष्ठ, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. दरवर्षी २१ सप्टेंबर रोजी जागतिक अल्झायमर दिन पाळला जातो. फेऱ्या निघतात, व्याख्याने होतात, काही निधीही जमतो. तो कोणासाठी खर्च व्हावा, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

या आजाराची खरी शुश्रूषा रुग्णालयात होत नाही. ती घरात होते, आणि बहुधा पत्नी, लेक किंवा सून ती करते. रात्री तीनदा उठून दाराची कडी पाहणे, एकच प्रश्न दिवसभर ऐकणे, स्वतःच्या आईने आपल्याला परके मानणे, याचे बिल कोणी देत नाही. २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना आयुष्मान भारत योजनेत सामावून घेण्यात आले, हे स्वागतार्हच होय. परंतु ते साहाय्य रुग्णालयात दाखल होणाऱ्यास मिळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार नमूद आहेत. त्यांत स्मृतिभ्रंशाला स्वतंत्र स्थान नाही. मानसिक आजाराच्या सदराखाली दाखला मिळवावा लागतो, आणि ते सदर पाहूनच अनेक कुटुंबे मागे फिरतात.

या संदर्भात गोव्यातील एक प्रयोग मननीय आहे. ८१ कुटुंबांचा समावेश असलेला त्याचा अहवाल २००८ साली प्रसिद्ध झाला. थोडक्या प्रशिक्षणाने तयार झालेल्या स्थानिक कार्यकर्त्या नियमितपणे घरी जात, आजार समजावून देत, चिडचिड आणि भटकणे कसे हाताळावे ते सांगत, शासकीय योजनांची माहिती देत. सहा महिन्यांनंतर रुग्णांच्या वर्तनात लक्षणीय फरक पडला नाही. सांभाळणाऱ्यांचे मनःस्वास्थ्य मात्र सुधारले. हे यश लहान समजू नये.

व्हीलचेअर वा इमारतीसाठी देणगीदार लवकर मिळतो, कारण तिच्यावर नाव कोरता येते. एखाद्या सुनेला आठवड्यातून चार तास मोकळे मिळावेत म्हणून विश्वासू बाईला दिलेला मेहनताना कोणाच्या नजरेस पडत नाही. केरळमध्ये १९९२ साली स्थापन झालेल्या अल्झायमरविषयक राष्ट्रीय संस्थेनेही कुटुंबांच्या आधारगटांवर प्रथमपासून भर दिला. पुढे त्या राज्याच्या शासनाने तिच्या सहकार्याने स्मृतिभ्रंशासाठी स्वतंत्र उपक्रम हाती घेतला.

आपल्या धर्मग्रामांत आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तशरीर नेणारे सेवक आहेत, संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद आहेत. कोणत्या दारामागे काय चालले आहे, हे त्यांना ठाऊक असते. आपण मात्र ‘म्हातारचळ लागला’ म्हणून मोकळे होतो. मिस्सा चालू असताना बाबा मोठ्याने बोलतात, मागच्या बाकावरचे वळून पाहतात, म्हणून कितीतरी कुटुंबांनी त्यांना चर्चमध्ये आणणेच सोडले आहे. या घरांची यादी करणे, दोन-तीन बायकांना प्रशिक्षण देणे आणि त्यांचा मेहनताना वर्षभर देता येईल एवढी रक्कम बाजूला ठेवणे, यासाठी इमारत लागत नाही.