बेटावरचा मिक

मिक ओ'कॉनेल आयर्लंडच्या केरी परगण्यातल्या व्हॅलेन्शिया बेटावरचा. तेव्हा बेटाला पूल नव्हता, मुख्य भूमीवर सरावाला जायचं तर आधी होडीनं खाडी ओलांडायची. पोटापाण्यासाठी नोकरी बेटावरच्याच समुद्री तारांच्या केंद्रात. तो खेळायचा गेलिक फुटबॉल, आणि हा हौशी खेळ. क्रोक पार्कचं मोठं मैदान खचाखच भरलं तरी खेळाडूला मानधन नाही.

या खेळात चेंडू हाताने झेलता येतो, मात्र धरून चार पावलांहून जास्त धावता येत नाही. मिकचा हातखंडा होता उंच झेल. घोळक्यातून सरळ वर उसळायचं, दोन्ही हातांनी चेंडू घट्ट पकडायचा आणि खाली येताच डाव्या किंवा उजव्या पायाने नेमका सहकाऱ्याकडे धाडायचा. दोन्ही पाय त्याने सारखेच घोटून तयार केले होते.

१९५९ मध्ये कर्णधार म्हणून त्याने केरीला ऑल-आयर्लंड विजेतेपद मिळवून दिलं, आणि मिरवणुकीसाठी न थांबता तो घरी निघाला. काहींना तो तुसडा वाटला. मला तो निखळ खेळाडू वाटतो. पुढे १९६२, १९६९ आणि १९७० मध्येही केरी जिंकली, तेव्हा मिक मैदानात होता. शतकाअखेरीस निवडलेल्या सहस्रकाच्या संघात मध्यक्षेत्राची एक जागा त्याला मिळाली.